चालता तर सगळ्यांनाच येतं

जुलै जवळ आला की मोबाइलवर एकाच साच्यातले संदेश यायला लागतात. ‘पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती मोहीम. दोन दिवस, एक मुक्काम. चहा-नाश्ता, जेवण, प्रमाणपत्र. पूर्वानुभवाची गरज नाही, फक्त जिद्द हवी!’ आयोजक बदलतात, वर्गणी बदलते, जेवणात कधी पिठलं-भाकरी असते तर कधी मसालेभात. शेवटचं वाक्य मात्र जागचं हलत नाही, आणि माझं भांडण त्या वाक्याशीच आहे. जिद्द कमी पडली म्हणून मसाई पठारावर बसकण मारलेला माणूस मी क्वचितच पाहिलाय. गुडघ्याने दगा दिला म्हणून बसलेले पुष्कळ पाहिलेत.

या मोहिमेत माझ्याकडे सगळ्यात मागे चालायचं काम असतं. मागे चालणाऱ्याच्या वाट्याला व्याख्यान येत नाही, घोषणाही अर्ध्यामुर्ध्या ऐकू येतात. त्याला दिसतात ते फक्त पाय. तेव्हा हा लेख पायांची बाजू मांडणारा आहे असं समजून वाचा.

ज्यांनी ही वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पन्हाळ्याच्या राजदिंडी दरवाजातून उतरायचं, तुरुकवाडी, म्हाळुंगे करत मसाई पठारावर चढायचं, ते लांबलचक पठार आडवं कापायचं, मग खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी. मुक्काम साधारण त्या पट्ट्यात. दुसऱ्या दिवशी आंबेवाडी, कळकेवाडी, रिंगेवाडी, म्हसवडे अशी गावं घेत पांढरपाणी, आणि तिथून खिंड. सगळं मिळून पन्नासच्या आसपास किलोमीटर. कुठे कातळकडा नाही, दोर लावायची गरज नाही, पाय घसरला तर खाली हजार फुटांची दरी नाही. त्यामुळे पत्रकात या वाटेपुढे ‘सोपी ते मध्यम’ असं लिहिलेलं असतं. आणि वाट सोपीच आहे, जानेवारीत. जुलैत तीच वाट म्हणजे भातखाचरांचे बांध, गुडघ्याला लागणारे ओढे, जांभ्यावरचं शेवाळ आणि लाल चिखल. या चिखलात पाऊल टाकलं की ते अर्धं मागे सरकतं, आणि उचललं की बुटाबरोबर पावशेर माती वर येते.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश डोंगरभटक्याने 1892 साली डोंगरातल्या चालीचा एक हिशेब मांडला होता, तो आजही जगभर वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. पहिल्या दिवसाचे पंचवीस-तीस किलोमीटर या हिशेबाने पाच-सहा तासांचे, चढाचा तास-दीड तास वेगळा. पण नेस्मिथने हा हिशेब धडधाकट, सरावाच्या माणसासाठी आणि बऱ्या वाटेसाठी मांडला होता. त्यात जेवण नाही, फोटो नाहीत, ओढ्याकाठी रांगेत उभं राहणं नाही. आपल्याकडच्या दीडशे-दोनशे माणसांच्या पावसाळी तांड्याला दहा ते बारा तास सहज लागतात. म्हणजे सकाळी सातला निघालेला नवखा माणूस अंधार पडेपर्यंत ओल्या मोज्यांत उभा असतो. आदल्या आठवड्यात त्याची सगळ्यात लांब चाल कुठली, तर पार्किंगपासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत.

पहिल्या संध्याकाळी मात्र कुणाची फारशी तक्रार नसते. गरम चहा असतो, गाणी असतात, आपण एवढं चाललो याची धुंदी असते. खरी परिस्थिती दुसऱ्या दिवशी पहाटे कळते. मुक्काम शाळेत असेल तर शाळेच्या व्हरांड्याच्या दोन-तीन पायऱ्या बघत उभं राहावं. लोक त्या पायऱ्या आडवे होऊन, भिंतीला धरून, एकेक पाय जुळवत उतरतात. विशी-पंचविशीतली मुलं! कुणी मोजा काढतं तर टाचेची कातडी पांढरी, सुरकुतलेली, आणि तिच्याखाली पाणी भरलेला रुपयाएवढा फोड. कुणाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं असतं, कारण बूट नेमक्या मापाचा घेतला आणि उतारावर बोटं दिवसभर पुढे आपटत राहिली. जीन्स घालून आलेल्यांच्या मांड्या घासून सोललेल्या असतात आणि ते कुणाला न सांगता फेंगडे चालत असतात. खोबरेल तेलाची एक छोटी बाटली त्यांना वाचवू शकली असती, पण ती आणायची असते हे त्यांना सांगायला कोण होतं?

बुटांचा एक प्रकार तर दरवर्षी घडतो आणि दरवर्षी माझी तीच चिडचिड होते. चार-पाच वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले चांगले, महागातले बूट माळ्यावर पडून असतात. दिसायला नवेकोरे. पण तळव्यातला फोमसारखा थर नुसत्या हवेतल्या ओलाव्यानेही हळूहळू कुजतो, वापर नसला तरी. मसाई पठाराच्या चढावर दोन-चार वेळा चिखलात रुतले की सोल मगरीसारखा जबडा उघडतो. मग सुतळी, चिकटपट्टी, कुणाची तरी जादा चप्पल. असा माणूस उरलेले चाळीस किलोमीटर कसा चालतो हे मागून बघणाऱ्यालाच माहीत. त्याने आधी एकदा, फक्त एकदा, तेच बूट घालून जोतिबाचा डोंगर चढून-उतरून पाहिला असता तर सोल तिथेच निघाला असता, आणि घरी परतायला रिक्षा होती.

सरावाचं महत्त्व सांगायला लागलं की लोकांना वाटतं, हा आता पहाटे पाचला उठा, दहा किलोमीटर पळा असं काहीतरी सांगणार. तसं नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखा काम करतो, आणि सवय नसलेल्या स्नायूत त्याने बारीक बारीक इजा होतात. या दुखण्याचा कळस त्याच दिवशी येत नाही, साधारण चोवीस ते बहात्तर तासांत येतो. दोन दिवसांच्या मोहिमेत हा कळस नेमका दुसऱ्या दिवसाच्या उतारावर गाठतो. पण याच स्नायूची एक चांगली खोड आहे. एकदा बऱ्यापैकी उतार उतरून तो दुखला, बरा झाला, की पुढचे काही आठवडे तो तेवढ्या माराला दाद देत नाही. म्हणजे मोहिमेच्या दोन-तीन आठवडे आधी एखादा गड चढून-उतरून आलेला माणूस आणि थेट आलेला माणूस यांच्या पायांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दम वाढायला काही आठवडे लागतात. गुडघ्या-घोट्याच्या सांध्यांना, स्नायूबंधांना त्याहून जास्त, कारण ते सावकाश बळकट होतात. जिममध्ये छाती कमावलेला तरुण उतारावर रडकुंडीला येतो तो यामुळेच. ट्रेडमिलला चढ देता येतो, पण पावसातला बांध आणि सुटे दगड ती कुठून आणणार?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘आम्ही काही तयारी न करता गेलो होतो, झालं की!’ झालं, हे खरंच आहे. बहुतेकांचं होतं. माणसाचं शरीर दोन दिवस बरंच काही सोसतं, आणि तरुणपणी तर उधारीवरही चालतं. पण ‘झालं’ म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांचं झालं आणि कितीजणांचं करून घेतलं गेलं, हे मागे चालणाऱ्याला विचारा. कुणाची सॅक दुसऱ्याने घेतलेली असते, कुणाला शेवटच्या गावातून जीपने पांढरपाण्याला पोचवलेलं असतं, कुणासाठी सगळा तांडा भर पावसात पाऊण तास थांबलेला असतो. नंतरच्या फोटोत मात्र सगळे खिंडीत, सगळ्यांच्या हातात भगवा. पुढच्या वर्षी त्याच फोटोवरून पन्नास नवे लोक येतात. वाटेत सोडून गेलेल्यांचा फोटो कुणी काढत नाही.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे, आणि त्याला हात घालताना जपून बोलावं लागतं. मावळ्यांनी हे अंतर एका रात्रीत, भर पावसात, अंगावर हत्यारं घेऊन कापलं. त्यांच्या वाटेवरून दोन दिवसांत रमतगमत चालायला तुम्हाला सराव लागतो? लाज नाही वाटत? ही वाक्यं मी व्यासपीठावरून ऐकली आहेत आणि टाळ्याही ऐकल्या आहेत. पण 12 जुलै 1660 च्या रात्री पन्हाळ्यावरून जे निघाले ते कोण होते? महाराजांबरोबरचे ते सुमारे सहाशे लोक आणि त्यांतले बांदल हे हिरडस मावळातले, डोंगरातच जन्मलेले आणि डोंगरावरच पोट असलेले. त्यांचं रोजचं जगणं हाच सराव होता. आणि सिद्दी जौहरच्या वेढ्यातून सुटका ही काही ‘चला, जिद्द आहे ना’ म्हणून झालेली गोष्ट नव्हती. शिवा काशिदांना दुसऱ्या पालखीत बसवून शत्रूला चकवण्याची योजना होती, वाट आधी हेरून ठेवलेली होती असं सांगितलं जातं, आणि घोडखिंड कोणी किती वेळ धरायची याचा विचार होता. इतिहासातल्या सगळ्यात नेटक्या मोहिमांपैकी एक असलेल्या त्या रात्रीच्या नावावर आपण बेतयारीचं कौतुक करतो, ही मला त्या रात्रीची थट्टा वाटते. बाजीप्रभूंना मानवंदनाच द्यायची असेल तर दोन महिने घाम गाळून द्यावी.

आणि मग वारी. कुठल्याही चर्चेत कुणीतरी वारी काढतंच. साठीच्या, सत्तरीच्या आजीबाई आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालतात, त्यांना कुणी ट्रेनिंग दिलं? प्रश्न चांगला आहे, कारण उत्तर शोधायला गेलं की वारी किती विचाराने बांधलेली आहे हे कळतं. अडीचशे किलोमीटर अठरा-वीस दिवसांत, म्हणजे सरासरी काढली तर दिवसाचे बारा-चौदा. माउलींच्या पालखीचा सगळ्यात लांब टप्पा पुणे ते सासवड, तीस किलोमीटरच्या घरातला आणि त्यात दिवे घाट. या टप्प्याच्या आधी पुण्यात दोन मुक्काम आहेत आणि नंतर सासवडलाही दोन. हे योगायोगाने झालेलं नाही, पिढ्यान् पिढ्या चालणाऱ्यांनी पायांचा अंदाज घेऊन बसवलेलं आहे. बोचकी दिंडीच्या ट्रकमध्ये. पाण्याचा टँकर सोबत, जागोजाग दवाखाने, तेल लावून पाय चेपणारे सेवेकरी. थकलं तर ट्रकमध्ये बसायची मुभा, आणि बसलेल्याला कुणी हिणवत नाही. आजीबाईंचं म्हणाल तर त्या आयुष्यभर रानात खुरपत, डोक्यावर ओझी वाहत, बाजाराला चालत आलेल्या असतात. त्यांच्या पायांना वारी नवी नसते. शिवाय पालखीचा रथ ओढणाऱ्या मानाच्या बैलजोडीचा आधी गाडी ओढण्याचा सराव घेतात, आणि दिवे घाटात जादा बैल जुंपतात. बैलांच्या बाबतीत आपल्याला हे सगळं न सांगता कळतं.

म्हणजे वारी हे बेतयारीचं उदाहरण नाहीच. उलट शहरातल्या बैठ्या माणसाने लांब पल्ला कसा आखावा याचा तो उत्तम धडा आहे. रोजचा पल्ला बेताचा, पाठीवर ओझं नाही, अवघड टप्प्याच्या दोन्ही बाजूंना विश्रांती. आपल्या दोन दिवसांच्या मोहिमा याच्या बरोबर उलट असतात. शुक्रवारी रात्री ऑफिसातून थेट बस, बसमध्ये जागरण, पहाटे पोहे, आणि लगेच पहिल्याच दिवशी तीस किलोमीटर. पुण्यातल्या कात्रज ते सिंहगड या रात्रीच्या चालीचंही तसंच. एकामागून एक टेकड्यांचा चढ-उतार, तोही झोपेच्या वेळेला, आणि येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचा तो आयुष्यातला पहिला ट्रेक.

‘देह माझा, जोखीम माझी, तुम्हाला काय त्याचं?’ असंही विचारलं जातं. एकट्याने जाणाऱ्याचं हे म्हणणं मी निम्मं तरी मान्य करीन. पण दोनशे जणांच्या तांड्यात जोखीम एकट्याची राहत नाही. तांड्याचा वेग सगळ्यात मागच्याच्या वेगावर ठरतो. तो दोन तास मागे पडला तर जंगलातला शेवटचा टप्पा सगळ्यांना अंधारात काढावा लागतो, आणि त्यात लहान मुलंही असतात. शिवाय जुलै म्हणजे या पट्ट्यात भातलावणीचे दिवस. चिखलणी झालेली असते, तरवा, म्हणजे लावायची रोपं, तयार असतो, पावसाचा नेम साधून माणसं पहाटेपासून वाफ्यात वाकलेली असतात. अशा दिवशी कुणाचा तरी पाय मुरगळतो आणि त्याला रस्त्यापर्यंत न्यायला गावातली चार तगडी माणसं लागतात. ती येतात, नाही म्हणत नाहीत, पैसेही घेत नाहीत. त्यांचा लावणीचा दिवस मात्र बुडतो. एकदा बांधावर बसून रडणाऱ्या एका मुलीजवळ एक बाई थांबली होती. डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ, हातात रोपांच्या पेंड्या, पायांत काहीच नाही. ‘सवं न्हाई तर कशाला आलायसा एवढ्या लांब?’ असं म्हणून तिने त्या मुलीचा हात धरला आणि ओढ्यापर्यंत पोचवलं. यात टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. मलाही त्या मुलीचा राग आला नाही. तिला ‘अनुभवाची गरज नाही’ असं लेखी सांगितलं गेलं होतं.

जिथे रस्ता जवळ नाही तिथली गोष्ट आणखी कठीण. स्ट्रेचरवरून माणूस खाली आणायला एका वेळी सहा-आठ खांदे लागतात आणि ते दर काही मिनिटांनी बदलावे लागतात. चालत तासाभराचं अंतर स्ट्रेचर घेऊन अर्ध्या दिवसाचं होतं. आपल्या राज्यात हे काम मुख्यतः स्वयंसेवक करतात. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’सारखी पथकं आणि त्यांचा मेळ घालणारं ‘महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर’. यातली माणसं नोकरी-धंदा सांभाळून, रात्री-अपरात्री फोन आला की दोर घेऊन निघणारी. 2023 च्या ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडाच्या तोलार खिंडीच्या वाटेवर सहा जणांचा गट धुक्यात भरकटला आणि त्यातला एक जण थंडी-पावसाने गेला. त्या गटाच्या अनुभवाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मुद्दा एवढाच की गारठून मरायला हिमालय लागत नाही. अंगावर भिजलेले सुती कपडे, वारा, रिकामं पोट आणि थकवा एवढं जमलं की दीड हजार मीटरच्या आतला सह्याद्रीही पुरतो. आणि यातला थकवा सराव नसलेल्याला सगळ्यात आधी गाठतो.

मग सरकारने काय करावं? दर पावसाळ्यात जे केलं जातं ते आपण पाहतोच. एखादा अपघात झाला, बातमी आली, की जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. पूर्वी 144 कलम होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 163. अमुक धबधबा बंद, तमुक गड बंद. प्रशासनाची अडचण मला कळते, मृतदेह शोधायला शेवटी त्यांचीच माणसं जातात. पण अशी बंदी जागेवर घातली जाते आणि धोका माणसाच्या तयारीत असतो. वीस वर्षं डोंगरात फिरणाऱ्याला आणि कालच बूट विकत घेणाऱ्याला ती एकाच दोरीने बांधते. जुना माणूस ती मुकाट्याने पाळतो. नवखा पहाटे तीनला, चौकीवर कुणी नसताना, आडवाटेने वर जातो, म्हणजे जास्तच धोक्याच्या वाटेने. नाहीतर बंदी नसलेल्या शेजारच्या डोंगरावर गर्दी उसळते, जिथे ना पोलीस ना चहावाला.

नियम नाहीत असंही नाही. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, प्रशिक्षित माणसं, साधनं, प्रथमोपचार यांची व्यवस्था दाखवायची आहे. चांगलंच आहे. पण ही सगळी तपासणी आयोजकाची. येणाऱ्याची तयारी कोण तपासणार? तिथे सगळं घोडं एका कागदावर अडतं. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे, माझी प्रकृती उत्तम आहे.’ खाली सही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेला माणूसही इथे सही करतो, कारण खरं लिहिलं तर नाव कापतील ही भीती. एरवी अजिबात व्यायाम नसलेल्या माणसाने अचानक जोराचे श्रम केले तर त्या श्रमांदरम्यान हृदयविकाराचा धोका सरावाच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. त्या सहीने आयोजकाच्या मनाचं समाधान होतं, सही करणाऱ्याच्या हृदयाला तिचा काही उपयोग नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लांब पल्ल्याच्या चालीला नवख्याला ‘नाही’ म्हणायची जबाबदारी आयोजकाची आहे आणि ती त्याने प्रवेशाच्या वेळीच पार पाडली पाहिजे, मसाई पठारावर नाही. सरकारने सक्ती करायचीच असेल तर एवढ्या एका गोष्टीची करावी. ही काही नवी कल्पना नव्हे. आपल्याकडच्या जुन्या गिरिभ्रमण संस्थांत थेट मोठ्या मोहिमेला कुणी घेत नसत. आधी एक-दोन रविवार जवळच्या गडावर चला, तुमची चाल बघू, सॅक कशी भरता ते बघू, मग पुढचं बोलू. यूथ हॉस्टेलच्या हिमालयातल्या शिबिरांत आजही वैद्यकीय दाखला लागतो आणि तळावर आधी सरावाची चढाई होते. हिमालयात नेणारे काही व्यावसायिक आयोजक तर ठरावीक वेळेत पाच किलोमीटर पळून दाखवल्याचा पुरावा मागतात आणि नसेल तर नाव रद्द करतात. त्यांचा धंदा बुडालेला नाही. हिमालय म्हटलं की आपण हे सगळं निमूट करतो, सह्याद्री म्हटलं की ‘घरचाच डोंगर आहे’ म्हणून कंबर सैल सोडतो.

यात नवख्यांवर अन्याय होतो का? पहिल्यांदा कधीतरी सगळेच जातात, हे मान्यच. पण पहिली चाल पन्नास किलोमीटरची कशाला हवी? ट्रेकिंग पैसेवाल्यांचं होईल, ही शंका मला जास्त महत्त्वाची वाटते. सरावाच्या नावाखाली महाग बूट, काठ्या, घड्याळं विकणारे टपलेलेच असतात, आणि गावाकडच्या, बेताच्या पैशाच्या मुलांना त्यातून बाहेर ढकललं जाऊ नये. पण सरावाला पैसा लागत नाही. कोल्हापूरकराला जोतिबा आहे, पुणेकराला अटकरवाडीतून सिंहगड आहे, नवी मुंबईवाल्याला खारघरची टेकडी आहे, आणि कुणालाच काही नसेल तर इमारतीचा जिना आहे. पाठीवर पाण्याच्या चार बाटल्या घेऊन आठवड्यातून तीनदा जिना चढावा आणि उतरावा, लिफ्टने खाली येऊ नये. दोन महिने पुरे. खरं सांगायचं तर बूटही साधे चालतात, फक्त पायाला सरावलेले हवेत.

आणि तयारी म्हणजे वय किंवा वजन नव्हे, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आयोजक उद्या पोट बघून माणसं वगळायला लागतील. माझ्याबरोबर मागे राहणाऱ्यांत जाडजूड काका कमीच असतात. ते सकाळपासून एका लयीत, बोलत-बोलत, पाणी पीत चालतात आणि संध्याकाळी पोचतात. मागे पडतात ती पहिल्या तासात घोषणा देत पळणारी पोरं. काकांनी महिनाभर रंकाळ्याला फेऱ्या मारलेल्या असतात, पोरांनी नाही. सावकाश चालणाऱ्याला अडवायचं कारण नाही. अडवायचं ते आपल्या चालीचा आपल्यालाच अंदाज नसलेल्याला.

आता व्यवहाराचं. आयोजक नाही का म्हणत नाहीत? कारण बस भरावी लागते. पन्नास जागांची बस, जेवणाचा ठेका, मुक्कामाची सोय, सगळे आकडे आधीच दिलेले असतात. दहा जणांना नकार दिला तर भाडं कोण सोसणार? ही अडचण खोटी नाही आणि तिच्यावर नैतिक व्याख्यान देऊन उपयोग नाही. उपाय असा की गाळणी पैसे घेण्याआधी लावावी. पन्हाळा-पावनखिंडीपुरतं बोलायचं तर कोल्हापूर परिसरातल्या मोहीम काढणाऱ्या मंडळांनी एकत्र बसून मे-जूनमध्ये दोन-तीन रविवार ठरवावेत. पन्हाळा ते मसाई पठार आणि परत, पाठीवर स्वतःची सॅक, वर्गणी नाही, जेवणाचा डबा आपापला. आधी कुठल्या लांब चालीचा अनुभव नसलेल्याने यातल्या एका तरी रविवारी यावं, वेळेत परत यावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरता आल्या की मग जुलैचा अर्ज भरावा. बाहेरगावच्यांसाठी आपापल्या जवळच्या गडावर तिथल्या मंडळांनी तीच सोय करावी आणि एकमेकांच्या याद्या मान्य कराव्यात. पहिल्या वर्षी यादी अर्ध्यावर येईल, बसचा हिशेब थोडा चुकेल. पण ज्या मंडळांना या वाटेवर आणखी वीस-पंचवीस वर्षं जायचंय, त्यांनी एक वर्षाचा तोटा वाटून घ्यायला हरकत नाही, आणि पत्रकातून ते शेवटचं वाक्य काढायला तर खर्चही येत नाही.